सासरेबुवांचा गोळा

जगात रोलर कोस्टर दोन प्रकारचे असतात, ही माहिती मला पन्नाशी उलटल्यावर मिळाली, आणि तीही सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात. एक प्रकार माणसाला नुसता घाबरवतो. उंच नेतो, उलटा टांगतो, गरागरा फिरवतो आणि खिशातल्या किल्ल्या खाली पाडतो. दुसरा प्रकार माणसाचं वजनच काढून घेतो. म्हणजे गाडी एखाद्या उंचवट्यावरून अशी काही पलीकडे घसरते, की क्षणभर बूड बाकावरून उचललं जातं आणि आपण आपल्याच कपड्यांत तरंगतो. या दुसऱ्या प्रकारात पहिल्या डब्यापेक्षा शेवटचा डबा चांगला, आणि खांद्यांवरून येणाऱ्या जाड पट्ट्यांपेक्षा मांडीवरचा आडवा दांडा चांगला, कारण पट्टे माणसाला तरंगू देत नाहीत. जाणकारांचा कौल जुन्या लाकडी सांगाड्याला. मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. लोकांचे दावे कुठल्या कलमाखाली नाकारता येतील ते शोधणं हे माझं काम. अशा माणसाने जेवणाच्या सुट्टीत संगणकावर अनोळखी लोकांना किंचाळताना बघत बसावं, हे काही शोभणारं नव्हतं. आमच्या साहेबांनी दोनदा मागे उभं राहून ते पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे. माणूस कमालीचा प्रामाणिक, पण त्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं, भीती होती. लाच घ्यायला छाती लागते, ती त्यांच्याकडे नव्हती. लिफ्टला घाबरायचे, शिडीला घाबरायचे, पाल तर सोडाच, पालीच्या नुसत्या चुकचुकण्याला घाबरायचे. एकच वाक्य कायम तोंडात. "माझ्या पोटात गोळा येतो हो." फोन वाजला, पोटात गोळा. दारात पोस्टमन, पोटात गोळा. आमच्या लग्नात मुलीची पाठवणी करताना सगळे बाप रडतात, यांच्या पोटात गोळा आला आणि त्यांना धरून बसवावं लागलं. माझी बायको त्यांची एकुलती एक. तिच्याकडे या गोळ्यावर लहानपणापासून एकच औषध होतं. "बाबा, घाबरू नका, काही होत नाही."

गेल्या वर्षी त्या वाक्यात एक बारीकसा बदल झाला. ते "गोळा येतो" म्हणायचे थांबले आणि "गोळा आलाय" म्हणू लागले. फरक एवढाच. 'येतो'चं 'आलाय' झालं आणि ते घरात कुणाच्याही कानाला खटकलं नाही. बायको घाबरू नका म्हणत राहिली. नेहमीचे डॉक्टर तर तीस वर्षांचे ओळखीचे, म्हणजे तेही हसले. त्यांनी मन शांत राहण्याच्या गोळ्या दिल्या, म्हणजे गोळ्यावर गोळ्या. पुढे कुणीतरी पहिल्यांदा त्यांच्या पोटावर हात ठेवला तेव्हा तो हाताला लागला. मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननी आमच्याशी जे काही बोलायचं ते खिडकीकडे बघून बोललं. ऑपरेशनची वेळ गेली होती. त्या दिवसापासून बायको घरात कुणालाच काही म्हणेना. भाजी चिरताना मध्येच सुरी खाली ठेवायची आणि ओट्याला धरून उभी राहायची.

सासऱ्यांना आम्ही आमच्याकडे आणलं. त्यांची मुख्य तक्रार दुखण्याची नव्हती, ओढण्याची होती. उभं राहिलं की गोळा खाली ओढतो, बसलं की ओढतो, कुशीवर झोपलं की त्या बाजूला ओढतो. एका दुपारी टीव्हीवर रोलर कोस्टरचा कार्यक्रम लागला होता. निवेदक म्हणाला, या क्षणी या लोकांचं वजन शून्य आहे. सासरे उशीला टेकून उठून बसले.

"जावईबापू, मी आयुष्यभर वजनं तपासली," ते म्हणाले. "शून्य वजन काही मी पाहिलं नाही कधी."

"ते तेवढ्यापुरतंच असतं, बाबा."

"तेवढ्यापुरतंच. पण माझं वजन नसेल तर याचंही नसणार ना? मग हा ओढणार नाही."

मी म्हणालो, तत्त्वतः नाही. हा 'तत्त्वतः' माझा कार्यालयातला शब्द. नकार देण्याआधी मी तो वापरतो. सासऱ्यांना ते काय माहीत. त्यांनी तो त्या गाडीत बसवण्याचा होकार धरला आणि रोज सकाळी विचारायला लागले, काय झालं आपल्या त्याचं.

बायकोला सांगायची सोय नव्हती. पण आमच्या इमारतीत गुप्त काही राहत नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर जिन्यात मला अडवून म्हणाले, रोलर कोस्टरची गरजच काय, लिफ्ट खाली निघताना वजन कमी होतंच, हे आठवीच्या पुस्तकात आहे. आठवीचं पुस्तक निघाल्यावर माझा इलाज चालेना. बायको बाजारात गेल्यावर सासऱ्यांना, जे आयुष्यात लिफ्टमध्ये चढले नव्हते त्यांना, मी आणि हेडमास्तरांनी दोन्ही दंड धरून लिफ्टमध्ये घातलं. हेडमास्तर उत्साहाने बटणं दाबत होते. वर, खाली, परत वर. एका खाली जाण्यात सासरे म्हणाले, "जरासं कमी झालं." पुढच्या वेळी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. अंधारात हेडमास्तरांनीच पहिल्यांदा धीर सोडला. त्यांचा हात धरून सासरे त्यांना समजावत राहिले, कारण घाबरण्याचा अनुभव आमच्यापैकी त्यांनाच होता. आम्हाला बाहेर काढलं तेव्हा समितीच्या अध्यक्षीणबाई दारातच उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी खाली सूचना लागली की लिफ्टचा वापर प्रयोगांसाठी करू नये. नाव कुणाचंच नव्हतं, पण सगळे वाचून झाल्यावर माझ्याकडे बघत.

मग तळमजल्यावरचे दंतवैद्य. त्यांचं म्हणणं, कालव्यावरचा तो उंच पूल आहे ना, त्यावरून गाडी जोरात नेली की पलीकडे पोटात मस्त गोळा येतो. मी म्हणालो, गोळा आहेच, तो जायला हवाय. ते म्हणाले, तेच ते. दातांपलीकडे या माणसाचं ऐकू नये हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी गाडी नेली. पुलाच्या माथ्यावर आमची गाडी थोडी उचलली गेली हे खरं, पण खाली येताना सायलेन्सर रस्त्यावरच राहिला आणि त्याच्याशेजारी वाहतूक पोलीस उभा होता.

"काका, एवढी घाई कसली?"

मी सभ्य उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मागून सासऱ्यांनी खरं ते सांगितलं. "वजन कमी करतोय."

पोलिसाने मला तोंडाचा वास द्यायला लावला. नंतर रस्त्याच्या पांढऱ्या रेघेवरून सरळ चालायला लावलं. बघ्यांची गर्दी जमली. त्यात एक गृहस्थ होते, ज्यांचा गाडीचा दावा मी निष्काळजीपणाच्या कलमाखाली नाकारला होता. ते शेवटपर्यंत थांबले, आणि मी चुकत नाही असं दिसल्यावर निराश होऊन गेले. गाडीत सासरे हात पोटावर ठेवून बसले होते. घरापाशी आल्यावर म्हणाले, "गेला नाही. उलट आपटला."

तेव्हा मी ठरवलं, आता जे करायचं ते रीतसर. लाकडी रोलर कोस्टर असलेलं एक जुनं मनोरंजन उद्यान गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होतं. त्यांच्या मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. मी विचारलं, पोटात गोळा असलेल्या माणसाला बसू देतात का.

"सर, पोटात गोळा यावा म्हणूनच तर लोक येतात," ती म्हणाली.

मी म्हणालो, तसा नाही. ती म्हणाली, मग कसा. मी पाच-सहा वाक्यं मनात जुळवली आणि त्यातलं एकही बोलता येईना. शेवटी तिनेच मला धीर दिला. "सर, पहिल्यांदा सगळ्यांनाच भीती वाटते. तुम्ही या तर खरं." मी आभार मानून फोन ठेवला आणि कार्यालयाच्या स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं.

सर्जनकडे, गाडीत बसायला हरकत नाही असं प्रमाणपत्र मागायला गेलो, तर ते परत खिडकीकडे बघायला लागले. मला त्यांची अडचण समजत होती. आम्ही दोघं एकाच धंद्यातले, सही करायची नाही हे आधी ठरतं आणि कारण मागाहून सापडतं. पण त्यांना कारण सापडेना. "मी सांगू ते सगळं टाळून त्यांना आता काय मिळणार आहे?" असं म्हणाले आणि लगेच पुढे म्हणाले, "हे तोंडी बरं का. लिहून मी देणार नाही."

घरी आलो तर बायकोला सगळं कळलेलं. हेडमास्तरांच्या बायकोने काळजीपोटी सांगितलं होतं.

"वर्षभर मी त्यांना घाबरू नका, घाबरू नका म्हणत बसले," बायको म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "माझं ऐकून ते गप्प बसले. एकदा तरी मी हात लावून बघायचा होता की नाही? आणि आता तुम्ही त्यांना त्या लाकडांवरून खाली टाकायला निघालात."

"अगं, त्यांचीच इच्छा आहे."

"त्यांची इच्छा. साधं गच्चीवर येत नाहीत ते. घाबरून मध्येच काही झालं तर? माझ्या हातात काय राहील मग?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासऱ्यांचा आवाज आला. "मला जायचंय."

बायको एकदम थांबली. हा शब्द एरवी आम्ही दिवसातून दहादा वापरतो, पण त्या दिवशी तो तसा वापरलेला वाटला नाही. ती आत गेली, बराच वेळ आत होती, आणि बाहेर येऊन पिशवी भरायला लागली. औषधं, टॉवेल, जास्तीचा सदरा, थर्मास. "मीही येणार," एवढंच म्हणाली.

उद्यानात पोहोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. लाकडी सांगाडा लांबूनच दिसला. फळ्यांचा पांढरा रंग जागोजागी उडालेला, आणि एकामागून एक उंचवटे लांबवर गेलेले. गाडी वरून जायची तेव्हा अख्खा सांगाडा कुरकुरत हलायचा. सासऱ्यांनी ते बघितलं आणि माझं मनगट धरलं. मी विचारलं, परत जाऊ या का. ते म्हणाले, "नाही. पण तुम्ही हात काढून घेऊ नका." पोरांच्या घोळक्यात आम्ही तिघं रांगेत लागलो. सासऱ्यांचा सदरा त्यांच्या अंगावर अडकवून ठेवल्यासारखा दिसत होता. पुढच्या मुलाने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि आपल्या मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं. माझा स्वभाव असा की एरवी मी त्याला सुनावलं असतं, पण मला जी भीती वाटत होती ती सासऱ्यांपेक्षा कमी नव्हती.

रांगेच्या टोकाला वजनकाटा होता. फलकावर लिहिलं होतं, चाळीस किलोंच्या खालच्या व्यक्तीस या गाडीत प्रवेश नाही. मांडीवरचा दांडा फार हलक्या माणसाला नीट बसत नाही म्हणून. हे मला संकेतस्थळावर कुठेही दिसलं नव्हतं, आणि मी बारीक अक्षरं वाचण्याच्या पगारावर जगतो. सासरे रोज सकाळी आमच्या घरच्या काट्यावर उभे राहायचे. तो काटा त्यांनी स्वतः तपासून लावलेला. त्या सकाळी, बूट-कपडे सगळं धरून, तो सदतीसवर होता. ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आयुष्यभर वजनांशी खेळलेला माणूस वजनापायीच परत जाणार, आणि तेही शून्य बघायला आलेला असताना कमी वजन म्हणून. मला हसूही येईना. सासरे काट्यावर चढले. चढण्याआधी सवयीप्रमाणे वाकून त्यांनी बाजूचा शिक्का पाहिला. दुकानात, भाजीवाल्याकडे, औषधवाल्याकडे ते हेच करायचे, आणि शिक्का जुना निघाला की मालकाला हळू आवाजात सांगायचे. त्यावरून आम्हाला किती ठिकाणी खाली मान घालून बाहेर पडावं लागलं, त्याला गणती नाही. त्यांनी शिक्का पाहिला, बोटाने त्यावरची धूळ पुसली आणि सरळ उभे राहिले. काटा थरथरत वर गेला आणि एक्केचाळीसवर थांबला.

गणवेशातली मुलगी म्हणाली, "एक्केचाळीस. बरोबर ना, आजोबा?"

सासऱ्यांचे ओठ हलले. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या एका शब्दाने सगळं थांबलं असतं, आणि तिला ते थांबवायचंच होतं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले.

ते काट्यावरून उतरले. मी त्यांना शेवटच्या डब्यात बसवलं, शेजारी स्वतः बसलो आणि दांडा ओढला. त्यांच्या मांड्यांवर तो टेकेना, म्हणून बायकोने टॉवेलाची घडी करून मध्ये घातली. मग ती खाली जाऊन कठड्याशी उभी राहिली.

साखळी खडखडत आम्हाला वर न्यायला लागली. माझ्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण फार सांगण्यासारखं नाही. मी डोळे मिटले, पहिल्या उतारावर "आई गं" असं मोठ्याने ओरडलो, आणि माझा चष्मा तेव्हाच गेला. मग पहिला उंचवटा आला आणि बूड उचललं गेलं. माझा एक हात सासऱ्यांच्या पोटावर आडवा होता, त्यांना धरायला. त्या क्षणी हाताखाली काही भारच राहिला नाही.

"गेला," सासरे म्हणाले.

ओरडले नाहीत. खोलीत बसून बोलावं तसं म्हणाले. गाडी खाली आपटली, ते कण्हले, परत उंचवटा आला. "गेला," परत म्हणाले. प्रत्येक उंचवट्याला तेच. मी डोळे उघडून पाहिलं. चष्मा नसल्यामुळे त्यांचा चेहरा मला धूसर दिसला, पण त्यावर भीती नव्हती, एवढं चष्म्याशिवायही कळत होतं. वर्षभरात मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

गाडी थांबली. दांडे वर झाले. सगळे उतरले आणि सासरे उतरेनात.

"चला बाबा."

"मी नाही उतरणार."

मला वाटलं, पायात जीव नाही म्हणून म्हणतात. मी काखेत हात घातला, तर त्यांनी बाक दोन्ही हातांनी घट्ट धरला. "उतरलो की तो आहेच खाली," ते म्हणाले. "मला भीती वाटते हो. याची नाही, मरायची. वर असताना वाटत नव्हती."

गणवेशातल्या मुलीने व्यवस्थापकाला बोलावलं. रांगेतले ओरडायला लागले, दोघातिघांनी मोबाइल वर धरले. व्यवस्थापक घामाघूम होऊन आला आणि मला म्हणाला, "साहेब, जरा समजवा त्यांना. नियम आहे, उतरून परत रांगेतून यावं लागतं." समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही. लोकांना त्यांच्याच जळालेल्या घराचे पैसे कसे मिळण्यासारखे नाहीत हे मी वीस वर्षं समजावत आलोय. मी तोंड उघडलं, आणि म्हणालो, "ते उतरणार नाहीत. मला नाही समजावता येत."

तोवर बायको उतरण्याच्या जिन्याने उलटी वर आली होती. तिने व्यवस्थापकाला बाजूला घेतलं नाही, की आवाजही खाली आणला नाही. "माझ्या वडिलांना कॅन्सर आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आजवर त्यांनी कुणालाच कशालाच नाही म्हटलेलं नाही. मी गप्प बसा म्हटलं तर गप्प बसले. आज पहिल्यांदा म्हणताहेत, तर तुम्ही त्यांना उतरवू नका." वर धरलेले मोबाइल खाली आले. व्यवस्थापक जमिनीकडे बघत म्हणाला, एकच फेरी. मग ती मला म्हणाली, "तुम्ही उठा." आणि माझ्या जागी बसून तिने स्वतःच दांडा ओढला.

मी फलाटावर पिशवी घेऊन उभा राहिलो. चष्म्याशिवाय मला सांगाडा म्हणजे नुसता पांढरा ढग दिसत होता. गाडी गेली हे आवाजावरून कळलं. खडखड थांबली, मग उतार, मग पोरांच्या किंकाळ्या. त्यात आपल्या माणसांचा आवाज ऐकू येतो का ते मी कान देऊन ऐकत होतो. आला नाही.

गाडी परत येऊन थांबली. दांडे वर झाले. या वेळी सासरे स्वतःहून उठले. एक हात पोटाशी धरून, दुसऱ्याने डब्याची कड पकडून त्यांनी पाय बाहेर टाकला आणि माझ्यावर रेलले. चेहरा वेदनेने पांढरा पडला होता, गोळा परत आला होता हे कळतच होतं. मी त्यांना कवेत धरलं आणि बायकोकडे पाहिलं. ती तशीच बसली होती. दांडा वर गेलेला, दोन्ही हात शेजारच्या रिकाम्या बाकावर, आणि ती रडत होती. अगदी मोठ्याने, कुणाची लाज न ठेवता.

"अगं, उतर," मी म्हणालो. तिने मान हलवली.

व्यवस्थापक पुढे आला. सासऱ्यांनी माझ्या दंडावरची पकड घट्ट केली. "तिला बसू द्या जरा," ते म्हणाले. "मी उतरलो. तिला वेळ लागेल."

मी व्यवस्थापकाकडे वळून म्हणालो, थांबा थोडं.